जुनी घरी आली त्याची गोष्ट: कॅल्गरीत सायबेरियन हस्की दत्तक घेताना

पहिला बर्फ पडला की आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी हमखास विचारतं, "मुलं हस्की कुत्र्यासाठी हट्ट धरून बसली आहेत. घरात चालतो का? चावतो का?" तुकड्या-तुकड्यांत उत्तरं देऊन झाली, म्हणून आमची हस्की कुत्री जुनिपर, म्हणजे जुनी, घरी कशी आली ते सगळं एकदाच क्रमानं लिहून टाकते. आम्ही राहतो कॅनडातल्या कॅल्गरीच्या वायव्य भागात. घरात आम्ही दोघं, तेव्हा अकरा वर्षांची असलेली मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि सुपर व्हिसावर (आईवडिलांसाठीच्या लांब मुक्कामाच्या व्हिसावर) आलेल्या सासूबाई. कुत्रं याआधी कुणीच पाळलेलं नव्हतं. नवऱ्याच्या सांगलीच्या वाड्यात एक मोत्या असायचा, पण त्याला पाळला असं म्हणता येणार नाही. तो आपणहून येऊन राहिला होता.

ऑगस्ट २०२२ मध्ये मुलीनं शाळेच्या एका प्रकल्पासाठी नोमच्या औषधफेरीची माहिती काढली आणि तिथून हे वेड घरात शिरलं. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली. औषध नेनानापर्यंत रेल्वेनं आलं आणि तिथून पुढे सुमारे १,०८५ किलोमीटर वीस गाडीवानांनी कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून टप्प्याटप्प्यानं नेलं. शेवटच्या टप्प्यातला कुत्रा बाल्टो जगभर गाजला, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात त्याचा पुतळाही बसला. पण सगळ्यात लांबचा आणि धोक्याचा टप्पा लिओनार्ड सेप्पाला या गाडीवानाचा होता आणि त्याच्या गाडीपुढे धावणारा कुत्रा टोगो होता. बाल्टोला मान मिळाला म्हणून मुलगी आठवडाभर धुसफुसत होती. त्यानंतर घोषणा झाली: आपल्याला हस्कीच हवा.

आम्ही आधी ब्रीडर लोकांना फोन केले. पिल्लाची किंमत दीड हजार डॉलरच्या पुढे आणि प्रतीक्षायादी वसंतापर्यंत. त्यातल्या एका बाईंनी फोनवर उलटतपासणीच घेतली. मी दिवसातून किती वेळ बाहेर असते, उणे वीसमध्ये चालायला जाईन का, घरात मांजर आहे का. शेवटी म्हणाल्या, "कुत्रं पहिल्यांदाच घेताय ना? मग पिल्लू नको. दोन-तीन वर्षांचं, स्वभाव कळलेलं कुत्रं बघा." माझ्या मते त्या फोनवर मिळालेला हा सगळ्यात मोलाचा सल्ला. हस्कीचं पिल्लू बघून घेतलेली कुत्री वयात आली की लोक सोडून देतात. अंगण खणलेलं असतं, सोफा फाडलेला असतो, मालक थकलेला असतो. त्यामुळे अशी कुत्री सांभाळून दत्तक देणाऱ्या इथल्या संस्थांकडे एक ते चार वर्षांचे हस्की आणि हस्की-मिश्र कुत्रे बहुतेक वेळा असतातच.

सप्टेंबरमध्ये अर्ज भरायला घेतला. व्हिसाचा अर्ज परवडला, असा तो अर्ज होता. घर स्वतःचं की भाड्याचं, भाड्याचं असेल तर घरमालकाचं पत्र, कुंपणाची उंची फोटोसह, कुत्रं दिवसाला किती तास एकटं राहील, प्रवासाला गेलात तर कोण सांभाळेल, घटस्फोट झाला तर कुत्रं कुणाकडे जाईल. (या प्रश्नावर नवरा आणि मी एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही "तुझ्याकडे" असं म्हटलं.) नात्याबाहेरच्या तीन ओळखी द्यायच्या, शिवाय आधीच्या जनावराच्या डॉक्टरचा दाखला. तो आमच्याकडे नव्हता. पहिल्या संस्थेनं एवढ्यावरच नकार कळवला: पहिल्यांदा कुत्रं घेणाऱ्यांना हस्की देत नाही. वाईट वाटलं. पण नकाराचं पत्र सभ्य होतं आणि त्यात दुसऱ्या संस्थांची नावं होती.

दुसऱ्या संस्थेला मी अर्जासोबत एक पानभर जास्तीचं लिहून दिलं. घरून काम करते, सासूबाई घरी असतात, दर शनिवारी एका मैत्रिणीच्या मोठ्या कुत्र्याला मी फिरवते आहे, अमुक दवाखान्यात नाव नोंदवून ठेवलं आहे. कुत्रं घेण्याआधी दवाखान्यात नाव नोंदवता येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. फोन आला, अर्धा तास बोलणं झालं आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला घर बघायला एक स्वयंसेविका आली.

ती घरात जेमतेम पाच मिनिटं थांबली. उरलेला सगळा वेळ मागच्या अंगणात. खिशातून टेप काढून कुंपण मोजलं, फाटकाची कडी हलवून बघितली, कुंपणालगत ठेवलेलं बार्बेक्यूचं टेबल दाखवून म्हणाली, "ही पायरी झाली." मग खाली वाकून कुंपणाच्या फळ्या आणि माती यांच्यामधली फट बघितली. तिचं म्हणणं सरळ होतं: हस्की वरून जातो, नाहीतर खालून जातो, आणि फाटक उघडायला शिकला की समोरून जातो. घरावर राग म्हणून नव्हे. पलीकडे काय आहे ते बघायला जातो. आणि गेला की हाक मारून परत येईल या भरवशावर राहायचं नाही.

आमचं कुंपण साधारण सहा फुटांचं, ते चाललं. कॅल्गरीत मागच्या बाजूला २ मीटरपेक्षा उंच कुंपण नियमात बसत नाही, त्यामुळे वर फारसा वावही नसतो. खालून मात्र जाळी पुरायला सांगितली. अल्बर्टात असं काही खणायचं तर आधी गॅस आणि विजेच्या वाहिन्यांच्या खुणा करून घ्याव्या लागतात. ऑनलाइन विनंती टाकायची, पैसे लागत नाहीत, पण काही दिवस थांबावं लागतं. लोक येऊन जमिनीवर रंगीत फवारे आणि छोटी निशाणं लावून गेले. अंगणाला लग्नघराची कळा आली. मग नवऱ्यानं आणि शेजाऱ्यानं मिळून कुंपणाच्या बुंध्याशी चर खणून जाळी अंगणाच्या आतल्या बाजूला आडवी वळवून पुरली. उभी जाळी हस्की आणखी खोल खणून चुकवतात. आडव्या जाळीवर पंजे अडतात. जाळी, खिळे, फाटकाला नवी कडी मिळून सव्वाचारशे डॉलर गेले. हे काम जमीन गोठायच्या आत करा. नोव्हेंबरमध्ये कुदळ उडते.

नोव्हेंबरच्या मध्याला जुनिपरला बघायला गेलो. वय तीन, वजन २१ किलो, एक डोळा निळा, एक तपकिरी. आधीचं कुटुंब अपार्टमेंटमध्ये राहायला गेलं म्हणून तिला संस्थेकडे दिलेलं. ती एका फॉस्टर (दत्तक जाईपर्यंत सांभाळणाऱ्या) कुटुंबात होती आणि घरातल्या सगळ्यांनी यायचं अशी अट होती, म्हणजे सासूबाईंनीही. त्या कोट-टोपीत गुंडाळून, जपमाळ खिशात घेऊन आल्या. जुनिपर आली ती सगळ्यांना एकदा हुंगून थेट त्यांच्या पायांवर आडवी झाली. मुलं हिरमुसली. फॉस्टर बाई हसून म्हणाल्या की ती सगळ्यांशी अशीच वागते. चोर आला तर त्यालाही पोट दाखवेल.

हे हसण्यावारी न्यायचं नाही. राखणीला कुत्रं हवं असेल तर हस्की घेऊ नका. ईशान्य सायबेरियातल्या चुक्ची लोकांनी ही कुत्री माणसांमध्ये वाढवली, हलकं ओझं घेऊन लांब पल्ला कमी खाण्यावर ओढायला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती शर्यतींसाठी नोमला आली आणि तिथून अमेरिकाभर पसरली. कळपानं काम करणाऱ्या, वेळेला कोणत्याही माणसाच्या हाताखाली चालणाऱ्या कुत्र्याला परक्यावर गुरगुरून कसं चालेल? अनोळखी माणसाबद्दल संशय त्यांच्यात फारसा उरलेलाच नाही. एकाच माणसाची भक्तीही नाही. मुलीला टोगोसारखा आपला एकट्याचा सोबती हवा होता. तिला समजून घ्यायला वेळ लागला.

२६ नोव्हेंबरला, शनिवारी, ती दोन आठवड्यांच्या चाचणी मुक्कामावर घरी आली. ही सोय असेल तर नक्की घ्या. कागदोपत्री कुत्रं संस्थेचंच राहतं, औषधपाणी त्यांच्याकडे, जमलं नाही तर परत देण्यात अपमान नाही. संस्थेनं सांगितलेला हिशोब असा: पहिले तीन दिवस ती बावरलेली, तीन आठवड्यांत घराची घडी कळेल, तीन महिन्यांत खरा स्वभाव दिसेल. पहिले दोन दिवस तिनं अन्नाला तोंड लावलं नाही. मी घाबरून फोन केला तर कळलं की हस्की मुळात आकाराच्या मानानं कमी खातात, जागा बदलली की आणखी कमी. तिसऱ्या दिवशी सासूबाईंच्या ताटाशेजारी येऊन बसली. त्यांनी माझ्याकडे न बघता पोळीचा तुकडा खाली सोडला. जुनिपरचं जुनी त्याच दिवशी झालं.

रात्री मात्र ती घरात झोपेना. बाहेरचं दार उघडलं की अंगणात बर्फात गोल फिरून, शेपटी नाकावर घेऊन मुटकुळं करायची. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पारा उणे तीसच्या खाली गेला, तेव्हा शेजारच्या आजीबाई रात्री दारावर आल्या: तुमचं कुत्रं बाहेर राहिलंय, दार उघडा. त्यांना अंगणात नेऊन दाखवलं. मी हाक मारली. जुनीनं एक डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं आणि परत मिटला. शेवटी चीजच्या तुकड्यावर आत आली, त्या पडवीवजा मडरूमपर्यंतच. अशा थंडीत रात्रभर बाहेर ठेवू नका असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. घरात गरम हवेत दिवस काढणाऱ्या कुत्र्याची थंडीची सवय घसरगाडी ओढणाऱ्या कुत्र्यासारखी राहत नाही. आता शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलंय.

डिसेंबरमध्ये कागदपत्रं पूर्ण झाली. दत्तक फी पाचशेच्या आसपास. त्यात नसबंदी, लसी आणि मायक्रोचिप धरलेलं. चिपच्या नोंदीतलं नाव आणि फोन नंबर आपल्या नावावर आपणच बदलून घ्यायचे असतात, संस्था ते आपोआप करत नाही. पळणाऱ्या जातीचं कुत्रं, म्हणून हे त्याच रात्री करा. कॅल्गरीत तीन महिन्यांपुढच्या प्रत्येक कुत्र्याला शहराचं लायसन्स लागतं. ऑनलाइन मिळतं, दरवर्षी नूतनीकरण, नसबंदी झालेली असेल तर फी बरीच कमी. हरवलेल्या कुत्र्याच्या गळ्यात तो बिल्ला असला की मालकापर्यंत पोचणं सोपं जातं. विमा महिना साठ डॉलरचा घेतला. डॉक्टरांनी पहिल्या तपासणीत डोळे नीट बघितले, कारण या जातीत मोतीबिंदू आणि डोळ्यांचे काही आनुवंशिक आजार आढळतात. नाकाभोवती, डोळ्यांभोवती खपल्या दिसल्या तर लगेच या, असंही बजावलं. हस्कींना झिंकच्या कमतरतेचा त्वचारोग होतो. रंग वेगवेगळे असलेले डोळे हा आजार नाही, ते या जातीत चालतं. लोक रस्त्यात थांबवून फक्त त्याबद्दलच विचारतात.

आता चालणं. साध्या पट्ट्यावर जुनी मला ओढत नेते, आणि यात तिचा दोष शून्य आहे. छातीवर दाब आला की पुढे जोर लावायचा, यासाठीच पिढ्यान् पिढ्या निवड झाली. आम्ही एका प्रशिक्षिकेकडे सहा आठवड्यांचा वर्ग केला. तिनं मला एकच गोष्ट पटवली: ओढणं बंद करण्यात आयुष्य घालवू नका, ओढायची वेगळी जागा द्या. दोन हार्नेस (छातीभोवती घालायचे पट्टे) घेतले. एक समोर कडी असलेला, पाथवेवर (शहरातल्या पायी आणि सायकलनं जायच्या वाटांवर) चालायला. दुसरा ओढायचा, पाठीमागे कडी असलेला, माझ्या कमरेच्या पट्ट्याला लवचीक दोरीनं जोडायचा. पहिला घातला की तिला कळतं, आज सभ्यपणा. दुसरा दिसला की ती दारातच गायला लागते. पळताना उजवीकडे "जी", डावीकडे "हॉ". मुलं स्वयंपाकघरातही एकमेकांना तसंच वळवतात. कॅल्गरीच्या पाथवेवर पट्टा २ मीटरपेक्षा लांब चालत नाही आणि कुत्रं सायकलला बांधून तिथे पळवता येत नाही. त्यामुळे पळायला आम्ही शहराबाहेर, कनानास्किसच्या डोंगरातल्या पायवाटांवर जातो. तिथे गाडीचा दिवसाचा पास १५ डॉलर, वारंवार जाणार असाल तर वर्षाचा घ्या.

मोकळं सोडायचा प्रश्नच नाही. या शहरात शंभराहून जास्त बिनपट्ट्याची मैदानं आहेत, नोज हिलसारखी विस्तीर्ण. इतर कुत्री तिथे सुखानं हुंदडतात. आमच्या गल्लीत हिवाळ्यात पांढरे होणारे मोठे ससे राहतात, हिरवळीवर पुतळ्यासारखे बसलेले असतात. जुनीला ससा दिसला की तिच्या कानांपर्यंत माझा आवाज पोचतच नाही. मग आम्ही चारी बाजूंनी जाळी असलेल्या मैदानात जातो, नाहीतर दहा मीटरची दोरी. मांजर, ससा, हॅमस्टर घरात असेल तर लहानपणापासून एकत्र वाढलेला हस्की सोडून दुसरा आणू नका. मैत्री होईल की नाही हे बघण्याची किंमत त्या मांजराला मोजावी लागते.

ती भुंकत नाही असंच म्हणायला हवं. पण बोलते. जेवायला उशीर झाला की हेल काढून तक्रार, सासूबाईंची आरती सुरू झाली की "ऊऽऽ". सासूबाई म्हणतात, "अगं, ही भुंकत नाही, भांडते." अपार्टमेंटमध्ये एकटी राहिली तर हाच आवाज भिंतीपलीकडच्यांना दिवसभर ऐकू जातो. तिच्या पहिल्या घरी तक्रारी आल्या होत्या, हे आम्हाला नंतर कळलं.

आज्ञा पाळते का? मला विचाराल तर हा प्रश्नच हस्कीला लागू नाही. "बस" तिला पहिल्या दिवशी कळलं होतं. बसायचं का, हे ती ठरवते. मला सुरुवातीला हा हट्टीपणा वाटायचा. पण फेब्रुवारीत एका गोठलेल्या ओढ्याशी ती थांबली ती थांबलीच. मी "पुढे" म्हणतेय, ही पाय रोवून उभी. शेवटी वळसा घालून लाकडी पुलावरून गेलो. बर्फ पातळ होता की नाही, मला माहीत नाही आणि तपासायची इच्छाही नव्हती. घसरगाडीच्या पुढच्या कुत्र्याचं कामच ते: गाडीवान पुढे म्हणाला तरी खालचा बर्फ कच्चा वाटला तर न जाणं. असं स्वतःच्या डोक्यानं चालणारं कुत्रं निवडायचं आणि घरी आणून त्यानं शब्द झेलावा म्हणायचं, हे जमत नाही. काही गोष्टी मात्र आम्ही खाऊ देऊन, रोज पाच मिनिटं, पक्क्या केल्या: दारापाशी थांबणं, तोंडातली वस्तू सोडणं, आणि बोलावल्यावर येणं (घरात आणि दोरीवर). मारणं, ओरडणं यांनी काही साधत नाही. ती रागावत नाही, फक्त दुसऱ्या खोलीत निघून जाते.

लहान मुलांशी वागणूक? गोड, पण धसमुसळी. माझा मुलगा पहिल्या महिन्यात अनेकदा बर्फात आडवा झाला. चावणं नाही, गुरगुरणं नाही. पण जेवताना आणि झोपेत तिच्या अंगावर जायचं नाही, हा नियम मुलांना लावला. चिमुकलं बाळ असलेल्या घरांना मी थोडं थांबायला सांगते. सगळा वेळ बाळ खातं, आणि व्यायाम न मिळालेली हस्की स्वतःचं काम स्वतः शोधते. जानेवारीत पाच दिवस ताप आला होता मला, बाहेर नेणारं कुणी नव्हतं. तेवढ्यात तळघरातल्या गालिच्याचा कोपरा आणि एक हिवाळी बूट संपला.

एप्रिलच्या शेवटी केस. याबद्दल सगळ्यांनी सांगितलं होतं आणि कुणीच पुरेसं सांगितलं नव्हतं. वर्षातून दोनदा आतला लोकरी थर पूर्ण गळतो, तीन-चार आठवडे. रोज अंगणात बसून विंचरायचं, पिशव्या भरायच्या. तरी वरणात केस येतो. आतल्या थरासाठीचा दाताळ्यासारखा कंगवा घ्या, आणि ग्रूमरला कात्री लावू देऊ नका. हे केस उन्हापासूनही वाचवतात आणि कापले तर नीट परत येत नाहीत. सासूबाईंनी ते केस जमवून काही दिवस उशी भरायचा बेत केला होता. आम्ही तो शांतपणे विस्मरणात जाऊ दिला. एक सुख आहे: तिच्या अंगाला कुत्र्याचा वास जवळजवळ येतच नाही.

उन्हाळा मला हिवाळ्यापेक्षा अवघड गेला. जुलैत इथेही पारा तिशीवर चढतो आणि आमच्या घराला एसी नाही. फिरणं पहाटे पाचला, दुपारभर तळघराच्या काँक्रीटवर मुक्काम, पाण्यात बर्फाचे तुकडे. पंचवीसच्या वर पळवायचं नाही, असा आम्ही आमच्यापुरता नियम केला.

डिसेंबर २०२३ मध्ये महिनाभर पुण्याला जायचं ठरलं, तेव्हा बोर्डिंगचा, म्हणजे पैसे घेऊन कुत्रं सांभाळणाऱ्या ठिकाणाचा शोध. दिवसाला पंचावन्न डॉलर, म्हणजे विमानाच्या एका तिकिटाएवढा खर्च. रेबीज, नेहमीची एकत्रित लस आणि बोर्डेटेला (कुत्र्यांच्या खोकल्याची लस) यांचे दाखले मागतात, आणि बहुतेक ठिकाणी आधी एक रात्र चाचणीला ठेवावी लागते. "तुमच्याकडे हस्की राहून गेलेत का, आणि कुंपण किती उंच?" हे दोन प्रश्न मी सगळ्यांना विचारले. दुसऱ्या प्रश्नावर अडखळणाऱ्यांना वगळलं.

पुण्यात भाच्यानं फोनवर एका पिल्लाचा फोटो दाखवला. "मामी, इथे सहज मिळतं. एसी लावू ना आम्ही." त्याचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, तो आणि त्याची बायको दोघं सकाळी आठला बाहेर पडणारी. मी त्याला जुनीचे व्हिडिओ दाखवले, बर्फातले नव्हे, जुलैतले: तळघरात जीभ बाहेर काढून पडलेली. एसीत कुत्रं जगतं, पण त्याला रोज दोन तास पळायला लागतं आणि ते एसीत होत नाही. पुण्यात मे महिन्यात पहाटेही हवा किती तापलेली असते ते त्याला मी सांगायची गरज नव्हती. वीज गेली तर काय, हेही विचारलं. तो तेव्हा काही बोलला नाही. मार्चमध्ये फोन आला की पिल्लू घेतलं नाही, पण बायको अजून रुसलेली आहे.

नाताळात बाहेर जाणार असाल तर बोर्डिंगसाठी ऑगस्टमध्येच नाव लावा. नाताळची जागा ऑक्टोबरपर्यंत संपते, आणि हस्की घेणारी ठिकाणं मुळात थोडी आहेत.